दिसत नाही म्हणजे नाही का? फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या पाहण्याचा इतिहास

आज आपण एका लहानशा यंत्रापर्यंत पोहोचणार आहोत. त्याचं नाव मायक्रो-सीटी. उंदराच्या फुप्फुसातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या फुप्फुस न कापता तिन्ही मितींमध्ये दाखवणारं हे यंत्र आहे. पण थेट यंत्रापाशी गेलो, तर ते कशासाठी लागलं हेच कळणार नाही. म्हणून सुरुवात जरा मागून करू.

या सगळ्या इतिहासात एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येतो. एखादी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा ती तिथे नाही असं म्हणायचं, की आहे पण आपल्याला दिसत नाही असं म्हणायचं? ऐकताना हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटतो. पण फुप्फुसांच्या बाबतीत त्याच्या उत्तरावर, कोणतं औषध शोधायचं ते ठरतं. तिथे आपण शेवटी येऊच.

दुसऱ्या शतकातल्या गेलनने सांगितलं होतं की, हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं रक्त मधल्या पडद्यातल्या सूक्ष्म छिद्रांमधून डाव्या कप्प्यात झिरपतं. ही छिद्रं कुणी पाहिली नव्हती. ती इतकी बारीक आहेत की दिसत नाहीत, असं मानून वैद्यांनी हजाराहून अधिक वर्षं काढली. १२४२ च्या सुमारास इब्न अल-नफीस याने स्पष्ट लिहिलं की, हा पडदा जाड आहे, त्यात छिद्रं नाहीत आणि रक्त फुप्फुसांतून फिरूनच डावीकडे येतं. युरोपात हा विचार सोळाव्या शतकात पुन्हा मांडला गेला. मग १६२८ मध्ये विल्यम हार्वेने रक्ताभिसरणावरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं.

इथे एक गंमत बघा. हार्वेच्या सिद्धांतातही न दिसणारी एक जागा होतीच. धमन्यांतून गेलेलं रक्त शिरांत येतं, हे त्याने हिशेबाने आणि प्रयोगाने पटवून दिलं. पण धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात कुठे, हे त्याला दिसलं नव्हतं. म्हणजे गेलनची छिद्रं दिसत नव्हती आणि हार्वेचा सांधाही दिसत नव्हता. दोघांत बरोबर कोण, हे नुसत्या 'दिसत नाही' यावरून ठरणार नव्हतं.

ते ठरलं १६६१ मध्ये. इटलीतल्या बोलोन्या शहरात मार्सेल्लो मालपिगी सूक्ष्मदर्शकाखाली फुप्फुसं पाहत होता. कुत्र्यासारख्या प्राण्यांच्या फुप्फुसात त्याला हवेच्या बारीक पिशव्या दिसल्या, पण रक्ताची वाट काही सापडेना. मग त्याने बेडूक घेतला. बेडकाचं फुप्फुस म्हणजे पातळ, जवळजवळ पारदर्शक पिशवी. ती फुगवून वाळवली आणि उजेडासमोर धरली, तर धमनी आणि शीर यांच्यामधलं बारीक नळ्यांचं जाळं स्पष्ट दिसतं. याच केशवाहिन्या. हार्वे चार वर्षांपूर्वीच वारला होता, त्यामुळे आपला सांधा सापडल्याचं त्याला कळलं नाही. या कामात आपण बेडकांची जात जवळजवळ संपवली, असं मालपिगीने स्वतःच अर्धवट थट्टेत लिहून ठेवलं आहे.

मालपिगीपासून दोन गोष्टी लक्षात ठेवू. एक, योग्य प्राणी निवडला म्हणून दिसलं. दोन, दिसण्याची किंमत प्राण्यांनी दिली. पुढची साडेतीनशे वर्षं या दोन्ही गोष्टी आपल्यासोबत आहेत.

पण बेडकाचं फुप्फुस साधं. आपलं किंवा उंदराचं फुप्फुस तसं नाही. त्यात धमनी शिरते, तिच्या फांद्या होतात, फांद्यांना उपफांद्या. वडाचं झाड उलटं धरून स्पंजात खुपसल्यासारखी ही रचना. काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर फांद्यांचे फक्त गोल-लांबट छेद दिसतात. कुठला छेद कुठल्या फांदीचा, ते कळत नाही. लाकडाच्या वखारीत ओंडक्यांची टोकं बघून जंगल कसं होतं ते सांगा म्हटल्यासारखं आहे हे.

म्हणून शरीरशास्त्रज्ञांनी दुसरी युक्ती काढली, वाहिन्या भरण्याची. मेण, पारा, रंगीत लाख असं काहीतरी वाहिन्यांत सोडायचं, ते घट्ट झालं की आजूबाजूचा मांसल भाग कुजवून किंवा आम्लाने काढून टाकायचा, म्हणजे झाडाचा साचा हातात उरतो. १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये रोंटगेनला क्ष-किरण सापडले आणि मांसल भाग काढून टाकायचीही गरज उरली नाही. १८९६ च्या जानेवारीतच व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल यांनी एका निर्जीव हाताच्या वाहिन्यांत क्ष-किरण अडवणारं मिश्रण भरून त्याचं चित्र घेतलं. शोध लागून जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. तेव्हापासून आजपर्यंत नियम तोच आहे. रक्त आणि मांस क्ष-किरणांना जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणून वाहिनी दाखवायची तर तिच्यात काहीतरी भरावं लागतं. आणि जिथवर ते पोहोचतं, तिथवरच आपल्याला दिसतं. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा.

आता या वाहिन्या बदलतात, बिघडतात, हे कुठून कळलं? ते शिकवलं गाईगुरांनी. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात उंच डोंगरी कुरणांवर चरणाऱ्या काही गुरांच्या मानेखाली आणि छातीच्या पुढच्या भागात पाणी साठून सूज यायची आणि ती मरायची. १९१५ च्या सुमारास ग्लोव्हर आणि न्यूसम या पशुवैद्यकांनी तपासून सांगितलं की, हा संसर्ग नाही. उंचीवर प्राणवायू कमी पडतो आणि हृदय थकतं. पण उंचीमुळे नेमकं काय होतं? १९४६ मध्ये स्टॉकहोममध्ये फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी मांजरांवर दाखवलं की, श्वासातला प्राणवायू कमी केला की फुप्फुसातल्या धमनीतला दाब वाढतो. शरीरात इतरत्र प्राणवायू कमी पडला की वाहिन्या सैलावतात. फुप्फुसात उलट, त्या आवळतात.

थोडा वेळ आवळणं ही सोय आहे. फुप्फुसाचा जो भाग हवा घेत नाही, तिथे रक्त कमी पाठवायचं. पण सगळं फुप्फुसच आठवडेच्या आठवडे कमी प्राणवायूत राहिलं, तर आवळलेल्या वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, दाब चढाच राहतो आणि हृदयाची उजवी बाजू दमते. हे फक्त गुरांचं दुखणं नाही. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये भारतीय डॉक्टरांनी ५,८०० मीटरहून उंच ठाण्यांवर महिनोन्‌महिने राहिलेल्या आपल्या जवानांमध्ये असंच हृदय थकल्याचं, अंगावर सूज आल्याचं नोंदवलं.

फुप्फुसातला दाब एरवी फार कमी असतो. निरोगी माणसात सरासरी १४ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या जिनिव्हा इथल्या बैठकीत २५ च्या वरचा दाब हा आजार मानायचं ठरलं. २०१८ पासून ही रेषा २० वर आणली गेली. या आजाराला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. रुग्णाला चढ चढताना धाप लागते, पुढे सपाटीवरही लागते आणि साध्या तपासणीत बरेचदा काही सापडत नाही.

आजार अभ्यासायचा तर तो प्राण्यात घडवता आला पाहिजे. प्रयोगशाळेतल्या मोठ्या पांढऱ्या उंदराला, म्हणजे रॅटला, कमी दाबाच्या पेटीत दोन-तीन आठवडे ठेवणं हा एक मार्ग. दुसरा मार्ग एका वनस्पतीतून आला, आणि ती आपल्या ओळखीच्या कुळातली आहे. आपल्याकडे पावसाळ्यानंतर माळावर पिवळ्या फुलांचा खुळखुळा दिसतो. वाळलेली शेंग हलवली की आत बिया वाजतात. हिरवळीच्या खतासाठी पेरतो तो तागही याच कुळातला. याच कुळातली भारतीय उपखंडातली एक जात, क्रोटालारिया स्पेक्टॅबिलिस, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या दक्षिण भागात जमिनीचा कस वाढवायला नेली गेली. कुळाचं शास्त्रीय नावही ग्रीक भाषेतल्या खुळखुळ्यावरूनच आलेलं आहे. तिथे तिच्या बिया खाऊन जनावरं आणि कोंबड्या मरू लागल्या. शोध घेता बियांमधलं मोनोक्रोटालिन हे विष सापडलं. यकृतात त्याचं रूप बदलतं आणि ते बदललेलं रूप फुप्फुसातल्या वाहिन्यांचं आतलं अस्तर जाळतं. १९६७ मध्ये के, हॅरिस आणि हीथ यांनी या बिया खाऊ घातलेल्या उंदरांत फुप्फुसातला दाब वाढल्याचं दाखवलं. आज जगभर एकच टोचणी देऊन तीन-चार आठवड्यांत हा आजार उंदरात घडवतात.

आता प्रश्न असा की, या उंदरांच्या वाहिन्यांचं नेमकं होतं काय? इथे लिन रीड यांचं नाव घ्यायला हवं. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या, लंडनमध्ये आणि पुढे बॉस्टनमध्ये काम केलेल्या या विकृतिशास्त्रज्ञ. त्यांच्या गटाची पद्धत अशी. बेरियम आणि जिलेटिन यांचं गरम मिश्रण ठरावीक दाबाने फुप्फुसाच्या धमनीत सोडायचं. थंड झालं की ते घट्ट होतं. मग क्ष-किरण चित्र घ्यायचं आणि नंतर काप करून मोजायचं. निरोगी उंदराचं चित्र पानांनी गच्च झाडासारखं, कडेला पांढरी दाट झालर असलेलं. आजारी उंदराचं चित्र हिवाळ्यातल्या निष्पर्ण झाडासारखं. जाड फांद्या तेवढ्या दिसतात, टोकं छाटल्यासारखी. १९७९ मध्ये मार्लीन राबिनोविच, रीड आणि सहकाऱ्यांनी कमी दाबात ठेवलेल्या उंदरांबद्दल सांगितलं की, भिंती जाड होतात, एरवी स्नायू नसलेल्या बारीक फांद्यांवर स्नायू चढतो आणि वायुकोशांच्या तुलनेत धमन्यांची संख्या कमी होते.

ही छाटणीची कल्पना पाठ्यपुस्तकांत रुजली. पण त्या चित्राच्या पोटात आपला जुना प्रश्न बसला होता. टोकाच्या फांद्या दिसत नाहीत, कारण त्या नष्ट झाल्या? की त्या आवळून इतक्या बारीक झाल्या आहेत की बेरियम आत शिरलंच नाही?

आणि आता औषधाचं बघा. फांद्या आवळलेल्या असतील, तर त्या सैल करणारं औषध शोधायचं. फांद्या गेल्याच असतील, तर सैल करायला उरलंय काय? मग नव्या वाहिन्या उगवायला लावणारं काहीतरी शोधायला हवं. एका चित्राचे दोन अर्थ, आणि संशोधनाच्या दोन निरनिराळ्या दिशा.

इथे आपलं यंत्र येतं. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनजवळच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं सीटी चित्र घेतलं गेलं. १९७९ मध्ये त्याला आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना नोबेल मिळालं. तत्त्व सोपं आहे. निरनिराळ्या कोनांतून सावल्या घ्यायच्या आणि गणिताने आतली वस्तू उभी करायची. १९८२ मध्ये इंग्लंडमध्ये एलियट आणि डोव्हर यांनी हेच अगदी लहान मापावर केलं. त्यांची वस्तू होती एका छोट्या गोगलगायीचा शंख. अमेरिकेत फोर्ड मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेत ली फेल्डकॅम्प हे सिरॅमिकच्या भागांतले दोष शोधत होते. शंकूसारख्या पसरणाऱ्या किरणांपासून त्रिमिती चित्र बनवण्याची त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडलेली रीत आजही मायक्रो-सीटीत वापरली जाते. म्हणजे मोटारीच्या कारखान्यातून ही विद्या आधी हाडांकडे आणि मग फुप्फुसांकडे आली.

काम कसं चालतं? काढलेलं फुप्फुस हवेने फुगवलेलं ठेवतात. धमनीत क्ष-किरण अडवणारं द्रव्य भरतात. बरेचदा ते शिशाचं संयुग मिसळलेलं रबरासारखं घट्ट होणारं द्रव्य असतं. मग नमुना थोडा थोडा फिरवत शेकडो सावल्या घेतात. संगणक त्यातून लहान लहान घनांची वस्तू रचतो. या घनाला व्हॉक्सेल म्हणतात. प्रत्येक दिशेला हजार घन म्हटले, तर एकूण १०० कोटी घन झाले. घनाची बाजू १० मायक्रोमीटर असेल, तर २०-३० मायक्रोमीटरच्या फांदीपर्यंत बऱ्यापैकी भरवशाने पोहोचता येतं. केशवाहिन्या ५ ते १० मायक्रोमीटरच्या, त्यामुळे त्या निसटतातच. मालपिगीने बेडकात जे पाहिलं, ते हे यंत्र एरवी दाखवत नाही.

मग मिळालं काय? झाड अखंड मिळालं. कुठली फांदी कुठून फुटली, तिची लांबी किती, पुढच्या फाट्यापर्यंत जाडी कशी घटते, हे सगळं एकाच वेळी मोजता येऊ लागलं. आणि जाडी मोजणं इथे फार नाजूक काम आहे. नळीतला अडथळा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो, हे एकोणिसाव्या शतकात प्वाझ्येने दाखवलं आहे. जाडी निम्मी झाली की अडथळा १६ पट. १०० मायक्रोमीटरच्या वाहिनीत आपण फक्त एक घन, म्हणजे १० टक्के कमी मोजली, तरी हिशेबात अडथळा दीडपट निघतो. यंत्राची एका घनाची चूक अशी आजारासारखी दिसू शकते.

म्हणून सगळ्यात शहाणपणाचे प्रयोग एका चित्रावर थांबले नाहीत. अमेरिकेतल्या मिलवॉकी इथल्या गटाने २००० नंतरच्या वर्षांत एक साधी पण पक्की गोष्ट केली. त्यांनी उंदराच्या फुप्फुसाच्या धमन्या निरनिराळ्या दाबांना भरून प्रत्येक दाबाला चित्र घेतलं. दाब वाढवला की निरोगी वाहिनी फुगते. कमी प्राणवायूत ठेवलेल्या उंदराची वाहिनी तेवढी फुगत नाही. म्हणजे वाहिनी नुसती अरुंद नाही, ती ताठ झाली आहे. हे एका स्थिर चित्रातून कधीच कळलं नसतं.

छाटणीचं काय झालं? २००३ मध्ये डब्लिनमध्ये हॉवेल, प्रेस्टन आणि मॅकलॉक्लिन यांनी याच प्रकारच्या उंदरांत मोजणीची रीत बदलली. त्यांनी ठरावीक पद्धतीने काप घेऊन सबंध फुप्फुसातल्या वाहिन्यांची एकूण लांबी काढली. उत्तर उलटं आलं. वाहिन्या नष्ट झालेल्या नव्हत्याच. उलट नव्या वाहिन्या वाढल्या होत्या. इथे भागाकाराचा सापळा समजून घ्या. धमन्यांची संख्या आपण कशाच्या तुलनेत सांगतो? फुप्फुसच मोठं झालं, तर प्रत्येक तुकड्यात धमन्या विरळ दिसतील, एकूण संख्या तेवढीच असली तरी. एका गावात लोक तितकेच राहिले आणि गावाची हद्द वाढली, तर वस्ती विरळ झाली म्हणू, पण माणसं गेली असं म्हणणार नाही. त्याच सुमारास आवळलेले स्नायू सैल करणारी नवी द्रव्यं अशा उंदरांना दिली, तेव्हा दाब बराच खाली आला. फांद्या खरोखर गेल्या असत्या, तर तो उतरला नसता.

याचा अर्थ रीड यांचं काम खोटं होतं का? नाही. त्यांच्या चित्रात जे दिसलं ते खरंच तसं दिसत होतं. आणि मोनोक्रोटालिनचा उंदीर, उंचीवरचा उंदीर आणि आजारी माणूस यांत एकच गोष्ट घडते असंही नाही. माणसाच्या प्रगत आजारात बारीक धमन्या आतून बुजतात. आज मायक्रो-सीटीवर एखादी छाटलेली फांदी दिसली की, जाणकार आधी विचारतो: भरताना दाब किती होता? आधी वाहिन्या सैल करणारं औषध दिलं होतं का? आणि त्याच नमुन्याचे काप घेऊन खात्री केली का? चित्र घेतल्यावर तोच नमुना कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतो, हा या यंत्राचा मोठा गुण आहे.

आता जिवंत प्राण्याकडे येऊ. उंदराला भूल देऊन यंत्रात झोपवायचं, यंत्र त्याच्याभोवती फिरवायचं. माऊस म्हणतात त्या लहान उंदराचं हृदय मिनिटाला ५०० च्या आसपास ठोके देतं. त्यामुळे श्वास आणि ठोके यांच्याशी जुळवूनच चित्रं घ्यावी लागतात. इथे काढलेल्या फुप्फुसाइतकी बारीक फांदी दिसत नाही. पण तोच प्राणी पहिल्या आठवड्यात, दुसऱ्यात, चौथ्यात पुन्हा पाहता येतो. पूर्वी दर टप्प्याला वेगळा गट मारावा लागे. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी प्राणी वापराबद्दल तीन तत्त्वं मांडली. शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, संख्या कमी करा, यातना कमी करा. आपल्याकडेही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची समिती प्रयोगांवर देखरेख करते. वारंवार चित्रं घेण्याने दुसरं तत्त्व साधतं. पण त्यालाही हिशेब आहे. प्रत्येक चित्रासोबत किरणांचा डोस साठत जातो, आणि फुप्फुस तर किरणांना नाजूक. जास्त चित्रं घेतली, तर जो बदल आपण मोजतोय तो आजाराचा की आपल्या किरणांचा, हेच कळेनासं होईल.

प्राणी काय सांगू शकत नाहीत, याचंही एक उदाहरण घेऊ. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनीत भूक मारणारं अ‍ॅमिनोरेक्स नावाचं औषध विकलं गेलं. त्यानंतर तिथे पल्मनरी हायपरटेन्शनचे रुग्ण एकदम वाढले. १९७३ ची ती जिनिव्हाची बैठक याच साथीमुळे झाली. पण उंदरांना हेच औषध दिलं, तेव्हा आजार झाला नाही. उंदीर निरोगी राहिला, म्हणजे औषध सुरक्षित, असं कुणी म्हटलं असतं, तर ती गेलनच्या छिद्रांइतकीच मोठी चूक ठरली असती.

तर आपला धडा एवढाच. गेलनने न दिसणारं मानलं आणि तो चुकला. हार्वेने न दिसणारं मानलं आणि तो बरोबर ठरला. फरक एवढाच की, हार्वेचं म्हणणं तपासता येत होतं आणि मालपिगीने ते तपासलं. मायक्रो-सीटीचं चित्र पडद्यावर फिरताना फार देखणं दिसतं, त्याचा मोह पडतो. पण ते चित्र म्हणजे द्रव्य कुठवर पोहोचलं याचा नकाशा आहे. त्याच्या पलीकडे काय आहे, ते विचारायचं काम आपलं.

पुढच्या व्याख्यानात आपण उंचीवरच्या फुप्फुसांचा विषय पुढे नेऊ. हिमालय आणि अँडीज पर्वतांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांनी हा प्रश्न कसा सोडवला, ते पाहू.